त्या वर्षीचा माल

डोळेबाईंना भेटायला कुणीतरी आलंय, असं सुपरवायझरनं येऊन सांगितलं तेव्हा तिच्या हातातला खिळा नुकताच रंगात बुडवलेला होता आणि तो तसाच वर धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. एकतीस वर्षांत तिला कामाच्या जागी भेटायला कुणी आलं नव्हतं. मुलगी एकदा शाळेत जिन्यावरून पडली होती, तेव्हासुद्धा निरोप फोनवरच आला होता. "घरचं कुणी आहे का?" तिनं विचारलं. "घरचं नाही हो, गिऱ्हाईक आहे. म्हातारा आहे एक. मालक नकोत म्हणतो, मी नको म्हणतो. डोळे कोण काढतं त्या माणसाला भेटायचंय म्हणतो." पलीकडच्या बाकावर गळ अडकवत बसलेल्या दोघींपैकी एक म्हणाली, "जा बाई, एवढ्या वर्षांनी का होईना, भरलात कुणाच्या तरी डोळ्यांत." सगळ्या हसल्या, तीही हसली. पण खिळ्याच्या डोक्यावरचा पिवळा थेंब तेवढ्यात मनगटावर ओघळला, आणि तो चिंधीनं पुसताना तिला उगीचच वाटलं, की आपण कुठेतरी सापडलो आहोत.

कारखान्यात लाकडाचे मासे होत. बोटभर लांबीचे, गुळगुळीत, पोटाखाली तीन तोंडांचा गळ लटकवलेले. हौशी लोक तो मासा दोऱ्याला बांधून पाण्यात लांब फेकतात आणि रिळावर ओढून घेतात. ओढताना तो जिवंत असल्यासारखा लचकत येतो आणि मोठा मासा फसून त्याच्यावर झडप घालतो, एवढं तिला ऐकून माहीत होतं. डबीवर खंड्या पक्ष्याचं चित्र, म्हणून माल खंड्या छाप. आणि खंड्या छाप वापरणारे लोक म्हणजे एक निराळंच प्रकरण होतं. ऑफिसात त्यांची पत्रं येत. पाठीवरच्या हिरव्यात यंदा फरक पडलाय का, डबीचा पुठ्ठा कुणाला विचारून बदलला, चाळीस वर्षांत दुसऱ्या कंपनीचा मासा हातात धरला नाही आणि आता मरेपर्यंत धरणार नाही. एकाच्या मुलानं कळवलं होतं, की वडील गेले तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात एक खंड्या निघाला, गळ काढून टाकलेला, रंग पार उडालेला, आणि आम्ही तो तसाच त्यांच्याबरोबर जाऊ दिला. जेवणाच्या सुट्टीत बायका ही पत्रं मोठ्यानं वाचत. "आमच्या घरचा याच्या निम्मा जरी एकनिष्ठ असता, तर मी त्याच्यासाठी पाण्यात उडी टाकली असती," असं कुणीतरी दर वेळी म्हणे.

तिचं काम डोळ्यांचं. मोठ्या खिळ्याचं डोकं पिवळ्या रंगात बुडवून माशाच्या गालावर अलगद टेकवायचं. ते वाळलं की लहान खिळ्यानं त्यात काळी बाहुली. आणि अगदी शेवटी, तीन केसांच्या ब्रशानं बाहुलीच्या कडेला एक पांढरा कण. कण पडला की लाकूड बघायला लागतं, असं तिच्या आधीच्या बाईंनी तिला शिकवलं होतं, आणि ते खरं होतं. दिवसाकाठी चारशे मासे तिच्यासमोर आंधळे येत आणि बघत बघत जात. पुढच्या महिन्यापासून तयार डोळे येणार होते, चिकटवायचे, प्लास्टिकचे, आत चांदी भरलेले. तिला पॅकिंगला बसायचं होतं. नजर आता पहिल्यासारखी राहिली नव्हती, तेव्हा बरंच झालं, असं तिनं घरी सांगितलं होतं आणि मनातही तसंच धरून चालली होती.

म्हातारा ऑफिसातल्या खुर्चीच्या टोकावर बसला होता. किडकिडीत, स्वच्छ दाढी केलेला, गळ्यात काळ्या दोरीनं भिंग अडकवलेलं. मांडीवर एक चपटी लाकडी पेटी. तिला बघून तो उठला आणि त्यानं तिच्या चेहऱ्याकडे न बघता आधी तिच्या हातांकडे बघितलं. "मी घड्याळजी," तो म्हणाला. "होतो. दुकान बंद केलं गेल्या हिवाळ्यात. तुमच्यापेक्षा तुमचा माल मी जास्त बघितलाय, बाई. रागावू नका." मग त्यानं पेटी टेबलावर ठेवून उघडली. आत पातळ खण होते, एकावर एक, प्रत्येकात कापसाच्या गादीवर ओळीनं खंड्या, आणि खणाच्या कडेला बारीक अक्षरात वर्ष. तिनं असं काही कधी पाहिलं नव्हतं. मासे तिच्या हातून जात, डब्यांत जात, डबे खोक्यांत, खोकी गाडीत, आणि गाडी फाटकाबाहेर वळली की जगात त्यांचं काही उरत नसे.

"ही तुमची सुरुवात," तो म्हणाला. त्यानं भिंग तिच्या हातात दिलं. "कण थरथरतोय बघा. हात बसलेला नाही. त्याआधीच्या ज्या कुणी होत्या, त्यांचा कण चौकोनी पडायचा." तिला हसू आलं. आधीच्या बाई कण काढताना जीभ बाहेर काढत, ते तिला आठवलं. त्यानं दुसरा खण उचलला. "इथं तुम्ही खुशीत आहात. डोळे वर बघतायत, नेमापेक्षा जरा मोठे आहेत. सुपरवायझर ओरडला असेल." त्या वर्षी ती गरोदर होती. सुपरवायझर खरंच ओरडला होता, आत्ताचा नाही, त्याच्या आधीचा. "आणि इथं झोप नाही," म्हातारा म्हणाला, "डावा डोळा आणि उजवा डोळा एकमेकांना ओळखत नाहीत." मुलगी पहिलं वर्षभर रात्रीची झोपली नव्हती. आता तिला हसू येईना. कुणीतरी आपल्या कपाटाचा आरसा आतून पुसून बाहेर बघत होतं, एवढी सगळी वर्षं, आणि आपण त्याच आरशात कुंकू लावत होतो, असं काहीसं वाटलं. ती म्हणाली, "तुम्हाला काय हवंय?" पण तो सगळ्यात खालचा खण काढत होता. दोन्ही हातांनी. तो खण तिच्यासमोर ठेवून त्यानं हात काढून घेतले.

त्यात एकोणीस मासे होते. पहिल्यांदा तिला काहीच वेगळं दिसलं नाही. तोच पिवळा, तोच काळा, तोच कण. मग तिनं भिंग लावलं. बाहुली मध्यावर नव्हती. केसभर मागे होती, शेपटीकडे. कणही मागच्या कडेला. एकोणीसच्या एकोणीस मासे पुढे तोंड करून मागे बघत होते.

"अर्धा मिलिमीटर," घड्याळजी म्हणाला. "मोजलंय मी. सात महिन्यांचा माल आहे असा, तुमच्या डब्यांवरच्या तारखांवरून सांगतो. आमच्यात याला त्या वर्षीचा म्हणतात. नुसतं त्या वर्षीचा. कुठलं वर्ष ते सांगावं लागत नाही कुणाला. बापानं पोराला द्यायचा झाला तर हाच देतात. लोक अजून शोधत फिरतात, जुन्या दुकानांचे माळे उपसतात. कुणी म्हणतं त्या वर्षी लाकूड वेगळं होतं, कुणी म्हणतं रोगण. त्या वर्षीचा पाण्यात टाकला, की मोठा मासा मागे येतो म्हणजे येतोच. आजच्या दिवशी तुमच्या कंपनीचं जे काही नाव आहे ना बाई, ते या सात महिन्यांवर आहे. बाकीचे सगळे नंतर त्याच आशेनं घेत राहिले. मीसुद्धा." त्यानं गळा साफ केला. "पुढच्या महिन्यापासून प्लास्टिक येणार असं डबीवर वाचलं, म्हणून आलो. त्याआधी मला दोन डझन काढून द्या. असे. तुम्हाला काय, हाताचा खेळ आहे."

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "चुकून झालं असेल. खिळा वाकला असेल." तो तिच्याकडे बघत राहिला, आता हातांकडे नाही, आणि म्हणाला, "असेल." सुपरवायझरकडे त्यानं आपला नंबर लिहून ठेवला.

दुपारभर तिनं मान वर केली नाही. खिळा वाकला नव्हता. खिळा अजून तोच होता. चार वाजता, गळवाल्या बायका चहाला गेल्या तेव्हा, तिनं एक आंधळा मासा उचलला आणि स्वतःला सांगितलं, की बघू तरी, जमतं का. हाताला काही सांगावं लागलं नाही. पिवळा पडला, काळा पडला, कण पडला, आणि मासा तिच्या तळहातावरून, तिच्या मनगटावरून, तिच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघायला लागला. तिची स्वतःची मान आखडली. सव्वीस वर्षं हात हे घेऊन तिच्याबरोबर भाजी चिरत होता, मुलीची वेणी घालत होता, बसचा दांडा धरत होता. तिनं टर्पेंटाइननं दोन्ही डोळे पुसून काढले. पुसलेल्या जागी पिवळट डाग राहिला. तो मासा तिनं फेकायच्या डब्यात टाकला, आणि बायका परत यायच्या आत उठून पुन्हा काढून घेतला, आणि आणखी एकदा पुसला.

आठवत नाही असं नव्हतं. आठवतं की नाही, तेच तिला इतकी वर्षं नक्की कळलेलं नव्हतं. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. नवरा छापखान्यात मशीनवर होता, आणि छापखाना बंद पडला. आधी तो दिवसभर खिडकीत बसे. मग दिवसभर बाहेर फिरे. मग त्यानं जिन्यात चपला काढायला सुरुवात केली. खालच्याच पायरीवर काढायच्या, हातात घ्यायच्या, आणि तीन मजले अनवाणी चढायचे, म्हणजे तो आल्याचं तिला कळू नये. ती ओट्याशी उभी असे, नळ चालू असे, आणि मानेच्या मागे, केस संपतात त्या जागी, दोन बोटं येत. नुसती दोन बोटं. मग दाब. "कुठे होतीस?" तो अगदी हळू विचारे, मुलगी झोपली असेल तर तिची झोप मोडू नये अशा बेतानं. ती कामावर होती, दुसरं कुठे असणार, पण हे उत्तर त्याला चालत नसे, आणि कुठलंच उत्तर चालत नसे, आणि बोटं तिचं डोकं नळाखालच्या भांड्याकडे खाली खाली नेत. चेहऱ्यावर कधी वळ उठला नाही. आवाज कधी झाला नाही. शेजारी भिंतीला भिंत लागून होते, त्यांना काही कळलं नाही. ती नळ बंद ठेवून काम करायला शिकली. जिन्याला पाठ न करता पोळपाट मांडायला शिकली. बाकावर डोळे काढतानासुद्धा तिचे कान मागे, दाराकडे असत, जरी तिथं त्याचं येणं शक्य नव्हतं. सात महिने. मग त्याला एका डेपोत कारकुनाची नोकरी लागली. त्या संध्याकाळी तो चपला वाजवत वर आला, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन, आणि दारातूनच त्यानं मुलीला हाक मारली. झालं. त्यानंतर कधी नाही. एकदासुद्धा नाही.

आणि कधी एक शब्दही नाही. तो चांगला नवरा झाला, चांगला बाप तर होताच. आता निवृत्त झाला होता, बिल्डिंगमधल्या लोकांच्या छत्र्या, इस्त्र्या, मुलांच्या सायकली फुकट दुरुस्त करून देत असे, सगळी पोरं त्याला काका म्हणत आणि त्यांच्या आया तिला म्हणत, "तुम्ही नशीबवान आहात हो." मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती, ती फोनवर नवऱ्याशी भांडण झालं की म्हणे, "बाबांसारखा माणूस मिळायला नशीब लागतं, आई." मधे एकदा, पंधराएक वर्षांपूर्वी, दोघंच गच्चीवर कपडे वाळत घालत असताना, तिनं सगळं बळ एकवटून म्हटलं होतं, "त्या वर्षी तुम्ही..." "कुठल्या वर्षी?" त्यानं चादरीच्या पलीकडून विचारलं. "छापखाना बंद पडला तेव्हा." "हो ना," तो म्हणाला, आणि त्यानं चादर बाजूला सारून तिच्याकडे इतक्या मोकळ्या, इतक्या मायाळू चेहऱ्यानं बघितलं, "फार हाल झाले नाही का आपले तेव्हा?" आपले. त्या दिवसापासून तिच्या मनात शंकेनं घर केलं. एवढं धडधडीत कुणी विसरतं का? मग झालं तरी होतं का? थकवा होता, झोप नव्हती, लहान मूल, घरात पैसा नाही. एक-दोन वेळा काही झालं असेल, आणि आपणच राईचा पर्वत केला असेल. वळ नाही, साक्षीदार नाही, कागद नाही. माणसाचा स्वतःवर तरी किती भरवसा. हळूहळू ते सात महिने तिला दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलेल्या गोष्टीसारखे वाटायला लागले होते. आणि आता एक म्हातारा पेटी घेऊन येतो आणि एकोणीस साक्षीदार कापसावर निजवतो.

त्या आठवड्यात तिचं घरात लक्ष लागलं नाही. नवरा टेबलाशी बसून कुणाच्या तरी इस्त्रीची तार सोलत असे, आणि ती त्याच्या बोटांकडे बघत राही. जाड, म्हातारी, नखांतली शाई केव्हाच गेलेली बोटं. "काय बघतेस?" तो विचारे. "काही नाही." "पॅकिंगला बसायचं मनावर घेऊ नकोस गं. डोळ्यांना आराम." ती हो म्हणे. आणि ओट्याशी गेली, की नळ सोडायच्या आधी थांबे, हे तिच्या लक्षात आलं. नंतर लक्षात आलं, की ती दर वेळी थांबतच होती, सव्वीस वर्षं, फक्त त्याला थांबणं म्हणत नव्हती. शुक्रवारी तिनं सुपरवायझरकडून नंबर घेतला आणि घड्याळजीला फोन केला. "डझनाचं नंतर बघू," ती म्हणाली. "मला आधी ते पाण्यात बघायचंय." त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. रविवारी सकाळी आठला या म्हणाला, आणि तळं कुठे ते सांगितलं. घरी तिनं जादा पाळी आहे म्हणून सांगितलं. "डबा करून देऊ का?" नवऱ्यानं विचारलं.

तळं शहराच्या कडेला, पंपाच्या बैठ्या इमारतीमागे होतं. सिमेंटच्या पायऱ्या, गंजलेलं रेलिंग, लांब लांब अंतरावर बसलेली माणसं, बहुतेक म्हातारी, बहुतेक एकटी, प्रत्येकाच्या शेजारी खंड्याची डबी. सकाळचं ऊन होतं पण पाणी काळं होतं. एकानं घड्याळजीला हात केला. "त्या वर्षीचा काढलास का रे आज?" "पाहुण्या आहेत म्हणून," घड्याळजी म्हणाला. त्या माणसानं तिच्याकडे आदरानं बघितलं, ती कोण हे ठाऊक नसतानाच. पेटी उघडली, एक मासा निवडला, दोऱ्याला बांधला. गाठ मारताना घड्याळजीनं भिंग लावलं. मग उभा राहिला, काठी मागे नेली आणि दोरा फेकला. मासा लांब जाऊन पडला तिथं एवढंसं वर्तुळ उठलं आणि विरून गेलं.

"आता बघा," तो म्हणाला आणि ओढायला लागला. पहिल्या दोन वेळा नुसतं लाकूड आलं, लचकत, लाजत, पाणी टपकवत. तिसऱ्या वेळी तिला आधी तो मासा दिसला आणि मग त्याच्या मागची जागा. मागचं पाणी जरा जास्त काळं होतं, एवढंच. ते काळं त्याच्याबरोबर येत होतं. त्याला घाई नव्हती. पुढचा थांबला की तेही थांबे, पुढचा हलला की तेही, मधलं अंतर तेवढंच ठेवून. जणू पुढच्याला माहीत आहे हे मागच्याला माहीत होतं, आणि त्याला तेच हवं होतं. तिच्या मानेवर, केस संपतात तिथं, दोन जागा गार पडल्या. "ओढा," ती म्हणाली. "लवकर ओढा ना." "नाही, बाई, इथं घाई नाही करायची," घड्याळजी मऊ आवाजात म्हणाला, "थांबत थांबत आणायचा." त्यानं रीळ थांबवलं. लाकडाचा मासा पाण्यात लटकून राहिला. मागचं काळं वर आलं, त्याला एक पांढुरकं तोंड फुटलं, आणि पाणी फाटलं.

मोठा मासा पायरीवर आपटत होता तेव्हा ती रेलिंगला धरून उभी होती. भीती वाटतेय असं तिला वाटलं होतं. पण भीती नव्हती ती. छातीत काहीतरी जागेवर बसत होतं, निखळलेलं हाड बसावं तसं, दुखत, कटकन. झालं होतं. असंच झालं होतं. अगदी असंच, एवढ्याच अंतरानं, एवढ्याच शांतपणे.

घड्याळजीनं गळ सोडवून घेतला, मासा परत पाण्यात सोडला. तो मासे नेत नसे. रुमालानं एकेक बोट पुसत बसला. तिनं विचारलं, "तुम्हाला हे एवढं सगळं दिसलं. खुशीत आहे ते दिसलं, झोप नाही ते दिसलं. मग हे काय आहे, ते दिसलं नाही?"

"दिसलं ना," तो म्हणाला. "पहिल्याच डबीत दिसलं. म्हटलं, हे काढणारं माणूस कुणाला तरी भितंय. फार भितंय."

"मग?"

 खोटं बोलावं की काय, हा विचार त्याच्या चेहऱ्यावरून जाताना तिला दिसला, आणि तो गेला हेही दिसलं. "मग मी आणखी दोन डझन मागवले," तो म्हणाला.

पलीकडे कुणीतरी दोरा फेकला. रिळाचा किरकिर आवाज पाण्यावरून आला. "मला कळत होतं, हे फार दिवस चालणार नाही," घड्याळजी सांगत होता, स्वतःलाच सांगावं तसं. "एकतर त्या माणसाचं काहीतरी होईल, नाहीतर थांबेल सगळं. दोन्हीकडून माल बंदच व्हायचा. तसा झालाच. पुढच्या वर्षीची पहिली डबी उघडली तर बाहुली मध्यावर. खरं सांगू का, वाईट वाटलं मला. म्हणजे... कशाचं वाईट वाटलं ते सांगू नये असं." तिला त्याचा राग येईल असं वाटलं, पण आला नाही. रागाला जागाच नव्हती आत. उलट या अनोळखी, किडकिडीत माणसाला बिलगून रडावंसं वाटलं, कारण त्या सात महिन्यांत जगाच्या पाठीवर एक तरी माणूस असा होता ज्याला कळलं होतं. आणि त्याच क्षणी त्याला पायऱ्यांवरून खाली ढकलून द्यावंसंही वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. ती म्हणाली, "यातला एक मला द्या."

"बदल्यात दोन डझन?"

"बदल्यात काही नाही. ते डोळे माझे आहेत."

त्याला ते फार जड गेलं. बराच वेळ तो पेटीच्या झाकणावर हात ठेवून बसला. मग त्यानं खण तिच्यासमोर धरला आणि तोंड दुसरीकडे केलं. तिनं एक उचलला, न निवडता, आणि गळ काढून घड्याळजीच्या हातात परत दिला. मासा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि बसमध्ये बसली. बस भरलेली होती. तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाचा श्वास तिच्या मानेवर येत होता. ती उठली आणि वळून, पुढच्या दांड्याला टेकून, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली.

घरी आली तेव्हा अकरा वाजत आले होते. नवरा टेबलाशी होता, समोर कुणाचीतरी उलटी केलेली छत्री, एक काडी तुटलेली. "लवकर सोडलं?" तो म्हणाला. "चहा ठेवू?" तिनं पर्स उघडली, रुमाल सोडला आणि मासा छत्रीच्या शेजारी ठेवला.

"अरे वा, खंड्या," तो म्हणाला. चष्मा कपाळावरून खाली घेतला, मासा उचलला. "किती सुबक करता गं तुम्ही. आता प्लास्टिकचे डोळे लावणार म्हणजे..." त्यानं तो खिडकीकडे धरला. अंगठा माशाच्या गालावरून फिरला आणि थांबला. त्यानं मासा उलटा करून दुसरी बाजू बघितली. मग पुन्हा पहिली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. कुणी घर सोडून जावं आणि दिवा चालू राहावा, तसं.

"कधीचा आहे?" त्यानं विचारलं.

"छापखाना बंद पडला त्या वर्षीचा."

कुठल्या वर्षी, असं त्यानं विचारलं नाही. हाल झाले असंही म्हणाला नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज मधेच बंद झाला. त्यानं मासा हळूच टेबलावर ठेवला, जरा विचार केला, आणि एका बोटानं तो फिरवून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. पण तोंड भिंतीकडे केल्यावर मासा मागे, त्याच्याकडेच बघायला लागला. ती उभी राहून हे सगळं बघत होती. तिला वाटलं, आता तो हसेल. आता तो चहा ठेवायला उठेल, आणि नळ सोडेल, आणि मी पुन्हा पंधरा वर्षं विचार करत बसेन.

"अजून किती आहेत असे?" त्यानं विचारलं.

तो आवाज. शेजारच्या खोलीत मूल झोपलं असल्यासारखा, हळू, बेतानं काढलेला. सव्वीस वर्षांत तिनं तो ऐकला नव्हता आणि पहिल्याच अक्षराला ओळखला. तिची मान गार पडली, खांदे वर आले, सगळं जसंच्या तसं. फक्त तो मागे नव्हता. समोर बसला होता. तिला त्याचा चेहरा दिसत होता. तो आवाज काढताना त्याचा चेहरा कसा होतो, हे तिनं त्या सात महिन्यांत एकदाही बघितलेलं नव्हतं. घाबरलेला होता तो चेहरा.

"हजारो असतील," ती म्हणाली. "कुठे कुठे गेलेत, कुणाला माहीत. लोक शोधून शोधून घेतात, जपून ठेवतात, पोरांना देतात. त्या वर्षी आमचा माल सगळ्यात जास्त खपला."

 छत्री टेबलावरून घसरून खाली पडली, ती त्यानं उचलली नाही. थोड्या वेळानं त्याचे दोन्ही हात, जणू त्यांचे ते, टेबलाच्या कडेवरून खाली जायला लागले.

तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली.

"हात वर ठेवा," ती म्हणाली. "मला दिसू देत."

त्यानं ठेवले.